लेबननमधली डोकेमोजणी आणि लोकशाही

लेबननमध्ये शेवटची अधिकृत जनगणना झाली १९३२ साली, फ्रेंचांच्या अमलात. त्यानंतर या देशाने आपली माणसं मोजलेलीच नाहीत. राहून गेलं असं नाही. मोजली तर काय निघेल, याची धास्ती आहे. त्या जनगणनेत ख्रिस्ती निम्म्याहून किंचित जास्त भरले होते. १९४३च्या अलिखित राष्ट्रीय कराराने सत्तेची वाटणी त्याच हिशेबाने केली. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट (हा तिथला सर्वांत मोठा ख्रिस्ती पंथ), पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि संसदेत सहा ख्रिस्ती सदस्यांमागे पाच मुस्लिम. १९७५ साली पेटलेली यादवी मिटवताना १९८९च्या ताइफ कराराने हे प्रमाण बरोबरीचं केलं. आज १२८ जागांपैकी ६४ ख्रिस्ती पंथांच्या आहेत आणि ६४ मुस्लिम पंथांच्या. द्रूझ या इस्लाममधून निघालेल्या छोट्या पंथाच्या ८ जागा मुस्लिम बाजूत धरतात. मॅरोनाइटांना ३४, सुन्नी आणि शियांना प्रत्येकी २७, तर आर्मेनियन कॅथलिकांनाही एक जागा राखून ठेवलेली आहे.

आरेंड लाइपहार्ट या डच राज्यशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अशा व्यवस्थांचा सिद्धांत मांडला. समाज खोलवर दुभंगलेला असेल तर निव्वळ बहुमताचं राज्य म्हणजे एका गटाची कायमची हार. त्यापेक्षा सगळ्यांना सरकारात घ्या, जागा प्रमाणात वाटा आणि कळीच्या प्रश्नांवर प्रत्येकाला नकाराधिकार द्या. आपल्याकडेही असा हिशेब झालेला आहे. टिळकांनी उचलून धरलेल्या १९१६च्या लखनौ करारात मुंबई प्रांतात निवडून द्यायच्या जागांपैकी एक तृतीयांश जागा मुस्लिमांना देऊ केल्या होत्या, म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बऱ्याच जास्त. फरक असा, की आपल्याकडे मतदारसंघच वेगळे होते, मुस्लिम जागांसाठी मुस्लिमच मत देणार. लेबननमध्ये जागा पंथाची असली तरी मतदार त्या मतदारसंघातले सगळे.

अशा समाजात धार्मिक माणसाला लोकशाही कितपत आवडते? या प्रश्नाचं उत्तर बराच काळ धर्मग्रंथांत शोधलं गेलं. इस्लाम लोकशाहीला पोषक आहे का, कॅथलिक चर्च आहे का, यावर भरपूर शाई खर्च झाली. मला हा वाद वांझोटा वाटतो, कारण एकच ग्रंथ मानणारी माणसं दोन देशांत अगदी उलट वागताना दिसतात. पाहण्यांत थेट विचारलं तर लेबननमध्ये मोठं बहुमत लोकशाहीच्याच बाजूने बोलतं. पेच पुढे आहे. प्रत्येकाच्या मनातली लोकशाही निराळी असते. आज शियांची संख्या १९३२च्या तुलनेत खूप वाढली आहे, हे बहुतेक सगळेच धरून चालतात. जागा राखून न ठेवता सरळ एक माणूस एक मत झालं, तर शियांचं वजन वाढेल आणि मॅरोनाइटांचं घटेल. १९९२पासून सभापती असलेले शिया नेते नबीह बेरी राजकारणातली पंथीय वाटणी संपवा, असं वारंवार म्हणतात आणि ख्रिस्ती नेते दचकतात, त्याचं इंगित हेच. मागणी ऐकायला धर्मनिरपेक्ष आहे. ती कोण करतो, हे पाहिलं की तिचा अर्थ पालटतो.

मायकेल हॉफमन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने नेमका हा धागा पकडला. त्याने देशाचं प्रतिनिधित्व करेल अशी लेबनीज नागरिकांची पाहणी केली आणि त्यांची प्रार्थना दोन प्रकारांत विभागली: एकट्याने केलेली आणि मशिदीत किंवा चर्चमध्ये चारचौघांबरोबर केलेली. फरक पडला तो दुसऱ्या प्रकाराने. सामूहिक प्रार्थनेने ‘आपण’ आणि ‘ते’ ही जाणीव धारदार होते. मग ज्या पंथाला बहुमताच्या राज्यात फायदा आहे, त्याच्यात लोकशाहीची ओढ वाढते आणि ज्याला तोटा आहे, त्याच्यात ती कमी होते. एकच कृती, परिणाम उलटसुलट.

इथे शंका येईलच: आधीपासून कट्टर असलेली माणसंच नेमाने प्रार्थनेला जात असतील तर? नुसत्या पाहणीतून हा गुंता सुटत नाही. म्हणून अशा अभ्यासांत प्रयोगाची जोड देतात. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे, एका गटाला राजकीय प्रश्नांआधी प्रार्थनेची आठवण करून द्यायची, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं सारखं असल्याने उत्तरांत फरक पडला तर तो त्या आठवणीचाच. अर्थात, मुलाखतीत क्षणभर जागवलेली जाणीव आणि आयुष्यभर दर शुक्रवारी किंवा रविवारी मुरत गेलेली जाणीव एकच, असं मी म्हणणार नाही.

शिवाय ही जाणीव फक्त प्रार्थनेतून येत नाही. राज्यव्यवस्था ती रोज घोटून घेते. लग्न, घटस्फोट, वारसा हे सगळं पंथांच्या न्यायालयांत चालतं. देशात नोंदणी पद्धतीने लग्न करण्याची सोय नसल्याने अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. मतदान राहत्या जागी नाही, पूर्वजांच्या गावी करायचं. बैरूतमध्ये जन्म काढला तरी मतदार म्हणून माणूस आजोबांच्या गावचाच. इस्पितळातली खाट, शाळेतला प्रवेश, सरकारी नोकरी यांसाठी पंथाच्या पुढाऱ्याचा उंबरा झिजवावा लागतो. हे माझ्या मते प्रार्थनेहून जास्त चिवट आहे.

ऑक्टोबर २०१९मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ‘सगळे म्हणजे सगळे’ अशी घोषणा होती: स्वतःच्या पंथाचा पुढारीही त्यातून सुटत नाही, असा तिचा रोख. त्यानंतर चलन कोसळलं आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातल्या स्फोटात दोनशेहून जास्त माणसं मेली. मे २०२२च्या निवडणुकीत त्या आंदोलनाच्या बाजूचे डझनभर उमेदवार निवडून आले. पंथांची वाटणी मोडायला निघालेल्या या प्रत्येकाला उमेदवारी अर्ज मात्र कुठल्या ना कुठल्या पंथाच्या जागेसाठीच भरावा लागला होता.