बारा वाजता आजोबा कुठे होते? ओक्लाहोमातल्या वसाहतकार घराण्यांच्या आठवणींची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या जुन्या शेतकरी घराण्यातल्या नव्वदीच्या माणसाला घराचा इतिहास विचारला, की बहुधा आधी हेच ऐकू येते: 'आमचे आजोबा एकोणनव्वदच्या धावेत आले.' धाव म्हणजे सरकारने खुल्या केलेल्या जमिनीत ठरल्या वेळी हद्दीवरून धावत शिरायचे आणि आपल्या तुकड्यावर खुंटी ठोकून दावा लावायचा. २२ एप्रिल १८८९, दुपारचे बारा, बंदुकीचा बार आणि उधळलेले घोडे हे दृश्य इतके परिचित आहे की ते पुन्हा रंगवण्याची गरज नाही. मात्र त्या वाक्याच्या मागे आणि पुढे जे घडले ते माहीत नसेल, तर आठवणीतले निम्मे तपशील कळत नाहीत. शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वैर, कोर्टाच्या खेपा, आजीने कधीच न उच्चारलेला एक शब्द, हे सगळे त्या निम्म्यात येते.

आधी जमिनीबद्दल. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये झालेल्या तहांत क्रीक या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आपल्या प्रदेशाचा पश्चिमेकडचा भाग केंद्र सरकारला एकरी ३० सेंट दराने दिला. सेमिनोल या दुसऱ्या जमातीला तर एकरी १५ सेंटच मिळाले, आणि नव्या वस्तीसाठी क्रीकांच्याच जमिनीतून त्यांना एकरी ५० सेंटने जागा घ्यावी लागली. या सोडलेल्या भूभागात इतर जमातींना वसवायचे ठरले होते. त्यातला मधला सुमारे १९ लाख एकरांचा तुकडा कोणालाच दिला गेला नाही, म्हणून त्याला 'नेमून न दिलेली जमीन' हे नाव पडले. वसाहतकारांच्या आठवणींत ती 'मोकळी जमीन' होते. ती मोकळी नव्हती. हक्क पूर्णपणे सोडून देण्यासाठी दोन्ही जमातींना १८८९ मध्ये पुन्हा मोबदला द्यावा लागला, यावरूनच ते स्पष्ट होते.

दावा लावायची पद्धत आपल्याकडच्या मोजणीशी ताडून पाहिली की लवकर समजते. सगळा प्रदेश आधीच चौकोनांत मोजून ठेवलेला होता. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे १६० एकर, एका कुटुंबासाठी. १६ आणि ३६ क्रमांकांचे सेक्शन शाळांसाठी राखीव होते. धावत येऊन खुंटी ठोकली तरी काम संपत नसे. कोपऱ्यावरचा मोजणीचा दगड शोधायचा, त्यावरच्या खुणांवरून सेक्शन, टाउनशिप आणि रेंज (टाउनशिपांच्या उभ्या रांगेचा क्रमांक) ठरवायची, मग गथ्री किंवा किंगफिशरच्या जमीन कचेरीत रांगेत उभे राहून नोंद करायची. नोंदणीला १४ डॉलर आणि शेवटी ४. चुका व्हायच्या त्या याच टप्प्यावर. दगड गवतात सापडत नसे, खूण उलटी वाचली जाई, खुंटी एका चौकोनात आणि नोंद शेजारच्या चौकोनाची होई. एकाच तुकड्यावर दोघा-तिघांनी खुंट्या ठोकल्या असतील, तर आधी कोण आला हे साक्षीदारांवर ठरे. सहा महिन्यांच्या आत तिथे राहायला जायचे, पाच वर्षे वस्ती आणि लागवड दाखवायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, दोन साक्षीदार उभे करायचे आणि मग मालकीचा पट्टा. घरातला कर्ता किंवा २१ वर्षे पूर्ण झालेली कोणीही एकटी व्यक्ती दावा लावू शके. त्यामुळे अविवाहित आणि विधवा स्त्रियांच्या नावे पट्टे सापडतात, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बायकोच्या नावे नाहीत.

आता तो शब्द, 'सूनर'. वेळेआधी घुसलेला, असा त्याचा अर्थ. आठवणी सांगणारे बरेच जण त्याची 'बूमर'शी गल्लत करतात. बूमर म्हणजे १८८९ च्या आधी दहाएक वर्षे ही जमीन खुली करा म्हणून चळवळ करणारे, तंबू ठोकणारे आणि लष्कराकडून पुन्हापुन्हा हाकलले जाणारे. सूनर हा मात्र कायद्याने अपात्र ठरवलेला माणूस. २ मार्च १८८९ च्या कायद्यात स्पष्ट होते की राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने जमीन खुली होण्याआधी जो आत शिरेल, त्याला तिथल्या जमिनीवर कधीच हक्क मिळणार नाही. झुडपांत रात्र काढणाऱ्यांबद्दल वाद नव्हता. वाद होता तो परवानगीने आत असलेल्यांचा: रेल्वेचे कामगार, कायदा राखायला पाठवलेले अधिकारी, मालवाहू गाड्यांचे हाकारे.

एडमंडजवळचे प्रकरण इथे निर्णायक ठरले. एक रेल्वे कर्मचारी रुळांलगतच्या रेल्वेच्या पट्ट्यात नोकरीमुळे रीतसर राहत होता. बारा वाजून गेल्यावर त्याने तंबू उचलला आणि लगतच्या १६० एकरांत ठोकला. त्याचे म्हणणे असे की रेल्वेचा पट्टा हा खुल्या होणाऱ्या जमिनीचा भागच नव्हता, म्हणजे आपण आत शिरलो ते बारानंतरच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९३ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध लागला. सगळ्यांना एकाच रेषेवरून सारखी संधी मिळावी हा कायद्याचा हेतू आहे. जो ठोक्याला हद्दीच्या आत आहे, तो परवानगीने असो वा नसो, इतरांच्या पुढे आहे. त्याच निकालात एक झरोकाही ठेवला गेला. मार्च-एप्रिलमध्ये कोणी सहज आत जाऊन आला आणि बाराच्या ठोक्याला बाहेर होता, तर तो शब्दशः कायद्यात बसला तरी कदाचित त्याच्या आशयात बसणार नाही. १८९८ मध्ये आत नेमणुकीवर असलेल्या एका मार्शलच्या (केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) मदतनिसालाही याच न्यायाने अपात्र ठरवले गेले.

निकालाचा हेतू बरोबर होता. पण त्याचा भार पडला तो चार वर्षे नांगरट करून, विहीर खणून बसलेल्या लोकांवर, आणि त्यांतले काही जण नोकरीमुळेच आत होते. त्यात दुसऱ्याच्या दाव्याला हरकत घेऊन जो जिंके, त्याला ती जमीन आपल्या नावे नोंदवण्याचा ३० दिवसांचा पहिला हक्क मिळे. म्हणजे शेजाऱ्याला सूनर ठरवण्यात रोकडा फायदा होता. आधी स्थानिक कचेरी, मग राजधानीतले जमीन खाते, मग त्यावरचे मंत्री अशी अपिले वर्षानुवर्षे चालत, आणि खोट्या साक्षी सर्रास होत. एखाद्या आठवणीत 'अमक्या घराशी आमचे बोलणे नव्हते' असे आले, तर आधी हरकतीची फाइल शोधावी.

घराबद्दलच्या आठवणी जास्त विश्वासार्ह असतात. पूर्वेकडे लाकूड होते, तिथे ओंडक्यांची घरे झाली. पश्चिमेकडे टेकाडाच्या कुशीत खणलेली अर्धी भुयारी घरे आणि गवताळ ढेकळांची घरे. मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने पट्ट्यांत कापायची, सुमारे एक फूट रुंद, चार इंच जाड, दोन-तीन फूट लांब तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून सांधे मोडत रचायचे. जमीन फार कोरडी असली तर तुकडे भुरभुरतात. भिंती दोन-तीन फूट जाड. त्या बसत जातात, म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडून चिंध्या कोंबायच्या, नाहीतर काच तडकते. छप्पर मात्र नेहमीच दगा देई. पाऊस थांबल्यावरही आत गळती चालू राही. माती, किडे आणि क्वचित साप खाली पडू नयेत म्हणून आढ्याखाली मलमलीचे कापड ताणलेले असे. १८९४ चे असे एक घर आलाइनजवळ अजून उभे आहे.

ते घर १८९३ च्या चेरोकी पट्ट्याच्या, म्हणजे चेरोकी जमातीकडून घेतलेल्या लांबट भूभागाच्या, धावेनंतरचे. ती धाव सर्वांत मोठी, साठ लाखांहून अधिक एकरांची. सूनर रोखण्यासाठी हद्दीवर नोंदणीच्या टपऱ्या लावून दाखले दिले गेले, तरी लोक घुसलेच. तिथे जमीन फुकट नव्हती. पूर्वेकडे एकरी अडीच डॉलर, मध्ये दीड, पश्चिमेकडे एक. ही देणी १९०० च्या कायद्याने माफ झाली. म्हणून 'आजोबांनी जमीन विकत घेतली' आणि 'फुकट मिळाली' ही दोन्ही वाक्ये एकाच घरात खरी असू शकतात. १९०१ मध्ये धावेऐवजी सोडत आली, १९०६ मध्ये बंद लिफाफ्यातल्या बोली.

पुढच्या काळाने आठवणींना वेगळा रंग दिला. १९०८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाने 'सूनर' हे नाव घेतले आणि जी शिवी होती ती बिरूद बनली. १९३७ च्या सुमारास मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून जुन्या वसाहतकारांच्या आणि मूळ रहिवाशांच्या हजारो मुलाखती टिपल्या गेल्या. सांगणारे तेव्हा सत्तरी-ऐंशीत होते, धावेला ४८ वर्षे झाली होती आणि बिरुदाला जवळपास तीस. तेव्हा काही जण वेळेआधी घुसल्याचे मोकळेपणाने सांगतात, कारण पट्टा कधीच हाती आलेला होता. आज आठवण सांगणारी नातवंडे याच मुलाखतींवर आणि शाळेच्या मैदानात खेळल्या जाणाऱ्या लुटुपुटीच्या धावेवर वाढली आहेत. जमातींच्या आक्षेपांनंतर अलीकडे काही शाळांनी तो खेळ बंद केला.

क्रीकांचे राखीव क्षेत्र कायद्याने कधी संपुष्टातच आले नव्हते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२० मध्ये आल्यावर अनेक घरांत धास्ती बसली. तो निकाल १८६६ नंतर क्रीकांकडे उरलेल्या पूर्वेकडच्या भागाबद्दल आहे. एकोणनव्वदच्या धावेची जमीन त्या भागाच्या पश्चिमेला पडते. एखाद्या घराण्याचे शेत कोणत्या बाजूला आहे, हे पट्ट्यावरच्या टाउनशिप आणि रेंजच्या आकड्यांवरून लगेच कळते. आणि आजोबा बारा वाजता कुठे होते, याचे त्यांनी शपथेवर दिलेले उत्तर, निदान हरकत निघाली असेल तेव्हा, त्याच दाव्याच्या फाइलमध्ये साक्षीदारांच्या जबान्यांना लागून असते.