वुडकट घेताना आधी पाठ पाहा
ड्यूररची धार्मिक चित्रे जमवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

दालनात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "हे ओरिजिनल आहे का?" पाचशे वर्षांपूर्वीच्या वुडकटबाबत, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्राबाबत, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येत नाही. लाकडाचा ठोकळा खरा, कलावंताच्या हयातीत कोरलेला, पण समोरचा कागद मात्र त्यावर शंभर वर्षांनी छापलेला, असे नेहमीच आढळते. म्हणून आम्ही आधी ठशाचे वय सांगतो, मग किंमत.

न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचे (१४७१–१५२८) उदाहरण घेऊ, कारण सर्वाधिक विचारणा त्याचीच होते. बायबलमधल्या 'प्रकटीकरणा'वरची १५ मोठ्या चित्रांची मालिका त्याने १४९८ मध्ये स्वतः प्रकाशित केली, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत. १५११ मध्ये तिची लॅटिन आवृत्ती पुन्हा निघाली. त्याच वर्षी येशूच्या दुःखसहनावरची मोठी आणि छोटी अशा दोन मालिका आणि मरियेच्या जीवनावरची एक मालिका पुस्तकरूपात आली. छोट्या मालिकेत मुखपृष्ठासह ३७ चित्रे आहेत. एकेक चित्र साधारण १३ बाय १० सेंटिमीटरचे, तळहातावर मावणारे.

ही सगळी पुस्तके होती आणि चित्रांच्या मागे मजकूर छापलेला असे, म्हणूनच पानाची पाठ महत्त्वाची. 'प्रकटीकरणा'च्या पानामागे जर्मन मजकूर असेल तर ते १४९८ चे. लॅटिन असेल तर १४९८ की १५११, हे अक्षरजुळणी ताडून ठरवावे लागते. छोट्या मालिकेच्या पानामागे इटालियन कविता दिसली तर ते १६१२ च्या व्हेनिस आवृत्तीतले, म्हणजे ड्यूररच्या मृत्यूनंतर ८४ वर्षांनी छापलेले. आणि पाठ कोरी असेल तर? "कोरी पाठ म्हणजे पुस्तकाआधीचा पहिला ठसा" असे ठामपणे सांगून विकणारे भेटतात. पहिले ठसे कोरे असतात हे खरे, पण पुस्तकानंतर सुटे छापलेलेही कोरेच असतात. निव्वळ कोऱ्या पाठीवर जादा पैसे देऊ नका.

कोऱ्या पाठीचा निकाल कागद आणि ठोकळा मिळून लावतात. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने गाळलेला. उजेडासमोर धरला की तारांच्या बारीक समांतर रेघा, त्यांना छेदणाऱ्या विरळ रेघा आणि नशीब असेल तर कागदगिरणीचा वॉटरमार्क दिसतो. रेघांविना एकसारखा गुळगुळीत कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच आला. ठोकळ्याचे म्हातारपण चित्रात उमटते: चौकटीची रेघ मध्येच तुटते, बारीक रेघा जाड होतात, आणि किड्याने लाकूड पोखरले असेल तिथे पांढरे गोल ठिपके पडतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग सोबत ठेवा. त्यातून शाईच्या सलग रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ते अलीकडचे यांत्रिक छापकाम.

नकलांचा त्रास खुद्द ड्यूररलाही होता. मार्कान्तोनिओ राइमोंदी या कोरीव चित्रकाराने इटलीत मरियेच्या मालिकेची तांब्यावर नक्कल केली, ड्यूररच्या 'एडी' या सहीच्या खुणेसकट. १५११ च्या आवृत्तीत ड्यूररने सम्राट मॅक्सिमिलियनच्या अधिकाराचा हवाला देऊन नक्कल करणाऱ्यांना ताकीद दिली आहे. लाकडाचा ठसा कागदात दबतो, त्यामुळे जुन्या पानाच्या पाठीवर रेघांचा उठाव दिसतो. तांब्याच्या छपाईत उलट शाईच कागदावर किंचित उभी राहते.

ही चित्रे आपल्याकडे नवी नाहीत. मुघल चित्रकार अबुल हसनने १६०० च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या ताम्रमुद्रेवरून (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रावरून) संत योहानाचे रेखाचित्र काढले. ते आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे.

पहिलीच खरेदी असेल तर ड्यूररचा थकलेला ठसा घेण्यापेक्षा १४९३ च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्ताचे (जगाचा इतिहास सांगणाऱ्या सचित्र छापील ग्रंथाचे) एखादे स्वच्छ पान घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ड्यूररचा गुरू मिखाएल वोल्गेमुट याच्या कारखान्यात त्याची चित्रे तयार झाली. ६४५ ठोकळ्यांवरून १,८०० हून अधिक चित्रे छापली आहेत. एकच चेहरा वेगवेगळ्या नावांनी भेटतो, तो शोधण्यात वेगळाच आनंद आहे. मात्र धड पुस्तक हल्ली फाडून विकलेली पाने आम्ही घेत नाही आणि विकतही नाही. पुस्तक एकदा सुटले की पुन्हा जुळत नाही.

घरी नेल्यावर: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, चित्र पुठ्ठ्यावर चिकटवणे नको. गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या बिजागऱ्या (चित्र माउंटला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) आणि आम्लविरहित माउंट पुरेसे आहेत. काच चित्राला टेकता कामा नये. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात फ्रेमच्या मागे बुरशी धरते. कसर लागली आहे का, हे दिवाळीच्या साफसफाईत मागची बाजू उघडून पाहा.

तुमच्याकडचे जुने पान दाखवायला आणणार असाल तर फ्रेममधून आम्हीच काढू. घरी ओढू नका. बिलावर मालिका, आवृत्ती, पाठीवरचा मजकूर, वॉटरमार्क आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती आम्ही लिहून देतो. ते बिल चित्राइतकेच जपून ठेवा.