शमी (प्रोसोपिस)

शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील (फॅबेसी) वाळवंटी झुडपे व वृक्षांची प्रजाती. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, म्हणजेच सौंदड, याच प्रजातीतली. प्रोसोपिस हे नाव लिनीअसने १७६७ मध्ये दिले. २०२२ मध्ये वर्गीकरणतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जाती वेगळ्या काढल्या आणि त्यांपैकी बहुतेक नेल्टुमा प्रजातीत घातल्या. शमी मात्र प्रोसोपिसमध्येच राहिली.

पाने बाभळीसारखी बारीक दलकांची, फुले पिवळसर, लांबट तुऱ्यांत. वेडी बाभूळ (नेल्टुमा ज्युलिफ्लोरा) आणि शमी यांत गल्लत होते, तेव्हा काटे पाहावेत. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बगलेत, बहुधा जोडीने येतात; शमीचे आखूड काटे फांदीभर विखुरलेले असतात.

या झाडांचा जीव मुळांत आहे. अ‍ॅरिझोनातील टक्सनजवळच्या एका खाणीत मेस्कीटची (वेड्या बाभळीच्या अमेरिकी नात्यातल्या झाडाची) मुळे ५३ मीटर खोलीवर सापडली. बहारीनच्या वाळूत एकटे उभे असलेले सुमारे चारशे वर्षांचे प्रसिद्ध झाडही शमीचेच.

राजस्थानात शमीला खेजडी म्हणतात आणि ती बाजरीच्या शेतात मुद्दाम राखतात. सावली विरळ, मुळे खोल, त्यामुळे पिकाशी तिची ओढाताण होत नाही. उलट तिच्याखाली माती कसदार होते. ऐन उन्हाळ्यात, सारे करपलेले असताना तिला नवी पालवी फुटते. छाटलेला पाला (लूंग) शेळ्या-उंटांना घालतात. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या वाळवून केर नावाच्या वाळवंटी झुडपाच्या फळांबरोबर भाजी करतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राज्याची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींसह झाडे-प्राणी जपणाऱ्या बिश्नोई पंथाच्या ३६३ जणांनी झाडांना कवटाळून प्राण दिले. झाडासाठी इतकी माणसे गेल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणे अवघड.

वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी व वाळू अडवण्यासाठी भारतात आणली गेली. गरिबांच्या चुली तिने पेटवल्या, कोळसाही दिला, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. पण कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात तिने चराऊ गवत हटवले. गुरे गोड शेंगा खातात, बिया शेणातून दूरवर पडतात. नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा अनेक फुटवे येतात. गवत परत हवे असेल तर ती मुळासकट काढावी लागते.