दहापैकी सातवा

माझी एक मैत्रीण जुनी घड्याळं उघडून दाखवते. हेच तिचं पूर्णवेळ काम. घड्याळ मिळवायचं, त्याचं बिनसलंय कुठे ते शोधायचं, दुरुस्त करता करता शूट करायचं, मग स्क्रिप्ट, आवाज, एडिटिंग, थंबनेल. एका व्हिडिओमागे आठवडा सहज जातो. परवा तिने व्हिडिओ अपलोड केला तेव्हा मी शेजारीच बसले होते. तासाभरात यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे क्रिएटरला आपल्या चॅनलचा हिशेब दिसतो त्या पानावर, निकाल लागला: दहापैकी सातवा. आधीच्या व्हिडिओंना अपलोडनंतरच्या तेवढ्याच वेळात किती व्ह्यूज मिळाले होते, त्याच्याशी तुलना करून हा क्रमांक लावला जातो. तिचा चेहरा उतरला. ज्या घड्याळाबद्दल ती आठवडाभर भरभरून बोलत होती, त्याचा विषयही मग संध्याकाळभर निघाला नाही.

प्रतिसाद कुठल्याही कलावंताला हवाच असतो. पण लेखकाकडे वाचकाचं पत्र यायला पूर्वी आठवडे लागायचे, आणि तोवर तो पुढच्या लेखनात बुडालेला असायचा. कंटेंट क्रिएटरकडे प्रतिसाद येतो तो आकड्यांतून, मिनिटामिनिटाला, आणि घरखर्चही त्याच आकड्यांवर चालतो. यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नात क्रिएटरना वाटा द्यायला 2007 साली सुरुवात केली. आज लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचा 55 टक्के हिस्सा क्रिएटरला मिळतो. म्हणजे आवड, दाद आणि पगार या तिन्ही गोष्टी एकाच आलेखात येऊन बसल्या आहेत. या लोकांच्या थकव्याबद्दल, त्यांना सहन कराव्या लागणाऱ्या शेरेबाजीबद्दल बरंच बोललं जातं. मला मात्र जास्त महत्त्वाचा वाटतो तो या प्रतिसादाचा वेग, कारण नव्या कल्पना ज्या संथपणातून येतात त्यावरच तो घाव घालतो.

आधी मेंदूचं पाहू. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींचं काम बारकाईने नोंदवलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी एकदम जाग्या व्हायच्या. मग रसाआधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच चेतायला लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा मात्र शांतच राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. 1997 साली शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस किती मोठं आहे ते सांगत नाहीत. अपेक्षेपेक्षा ते किती जास्त किंवा किती कमी आलं, तो फरक सांगतात.

त्या संध्याकाळचं कोडं मला इथे उलगडलं. सातव्या क्रमांकाच्या त्या व्हिडिओला मिळालेले व्ह्यूज, दोन वर्षांपूर्वी मिळाले असते तर तिने पेढे वाटले असते. तोच आकडा आता मेंदूच्या हिशेबात तूट म्हणून जमा झाला, कारण दरम्यान अपेक्षा वर सरकली होती. प्रत्येक यश पुढच्या व्हिडिओसाठी उंबरठा उंचावून ठेवतं. त्यात पुन्हा बक्षीस कधी येईल याचा नेम नाही. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्येच दाखवलं होतं की बक्षीस ठरावीक प्रयत्नांनंतर न देता अनियमितपणे दिलं, तर प्राणी सर्वांत नेटाने कळ दाबत राहतो, आणि बक्षीस बंद झालं तरी ती सवय लवकर सुटत नाही. रात्री दोन वाजता उठून स्टुडिओ उघडून पाहणाऱ्या क्रिएटरला मनाने दुबळं ठरवण्याचं काहीच कारण नाही. कुणाचाही मेंदू या परिस्थितीत असाच वागेल.

आता तो आलेख. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओच्या खाली एक रेघ असते: कुठल्या सेकंदाला किती प्रेक्षक अजून पाहत होते. सुरुवातीला कडेलोट, मग संथ उतार, मध्येच कुठे खळगा, कुठे उंचवटा. तिच्या एका व्हिडिओत असाच खळगा होता. मी तो भाग पाहिला. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून ती बॅलन्स व्हीलवर, म्हणजे घड्याळाची लय राखणाऱ्या चाकावर, बसवत होती. अकरा सेकंद काहीच बोलत नव्हती. चिमटा जरासा थरथरतो, स्प्रिंग निसटते, ती पुन्हा धरते, आणि मग ती जागेवर बसल्याचा इतका हलका टक् असा आवाज येतो की कान देऊनच ऐकावा लागतो. माझ्या मते अख्ख्या व्हिडिओतला सर्वांत सुंदर भाग हाच. पण रेघ तिथे खाली गेली होती. पुढच्या व्हिडिओत अशा ठिकाणी तिने कट मारले, वर संगीत टाकलं, आणि खळगा बुजला.

हा आलेख खोटं बोलत नाही, हेही सांगायला हवं. शिक्षक म्हणून तो फार मोलाचा आहे. प्रस्तावना लांबली, उदाहरण उशिरा आलं, एकच मुद्दा दोनदा सांगितला, हे सगळं तो निर्दयपणे दाखवतो. मैत्रिणीचं निवेदन गेल्या तीन वर्षांत इतकं बांधेसूद झालं ते त्याच्यामुळेच. पण लोक कुठे उठून गेले एवढंच तो सांगू शकतो. जे बसून राहिले त्यांच्या मनात त्या अकरा सेकंदांनी काय केलं, महिन्याभराने कुणाला काय आठवलं, कुणी त्या टक् आवाजासाठी स्वतः एखादं बंद पडलेलं घड्याळ उघडून पाहिलं का, यातलं काहीच त्या रेघेत उमटत नाही. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ही रेघ क्रिएटरच्या आयुष्यात मध्यभागी आली. चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: मोजमाप हेच उद्दिष्ट बनलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. खळगे बुजवण्यासाठीच व्हिडिओ बनायला लागला की बिनखळग्याची रेघ मिळते, पण व्हिडिओ चांगला झाला की नाही हे तिच्यावरून कळेनासं होतं.

आकड्यांचं कारण कळत नाही तेव्हा माणूस स्वतःच कारणं शोधतो. क्रिएटर मंडळींच्या गप्पा ऐकल्या की हे जाणवतं. संध्याकाळी सहालाच टाकायचं, थंबनेलवर चेहरा हवाच, अपलोडनंतर तासभर शीर्षकाला हात लावायचा नाही, आठवडा चुकला की अल्गोरिदम रुसतो. यातलं काही खरं असेलही. पण मला स्किनरची कबुतरं आठवतात. 1948 मध्ये त्याने आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यांत ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे पुढे येतील अशी सोय केली. आठांपैकी सहा कबुतरांनी स्वतःचे विधी तयार केले. एक सतत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गिरक्या घ्यायचं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. दाणे आले तेव्हा ती योगायोगाने तसं करत होती, म्हणून त्यानेच दाणे येतात असं त्यांनी धरलं, असा स्किनरचा अर्थ होता. पुढच्या संशोधकांनी तो वेगळ्या तऱ्हेनेही लावला. पण पडद्याआडच्या यंत्रणेपुढे बसलेल्या माणसाची तगमग समजून घ्यायला हा प्रयोग मला फार जवळचा वाटतो.

नशिबाचा वाटा किती, यावर त्याहून पक्कं काम आहे. 2006 साली मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 14,341 लोकांना अपरिचित बँडची 48 गाणी इंटरनेटवर ऐकवली आणि आवडलेलं डाउनलोड करून घ्यायची मुभा दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं होतं, आणि प्रत्येकाला आपल्याच गटातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसायचं. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून, तरी आठ गटांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या तयार झाल्या. इतरांचा कल न दिसणाऱ्या श्रोत्यांनी सव्विसाव्या क्रमांकावर ठेवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, फार वाईट गाणी क्वचितच वर आली. मधल्या सगळ्यांचं भवितव्य मात्र पहिल्या काही श्रोत्यांच्या हातात होतं. दहापैकी सातवा हा क्रमांक पाहताना हे लक्षात ठेवावं असं मी मैत्रिणीला सांगितलं. तिला ते पटलं, पण त्याने धीर आला असं मात्र मला दिसलं नाही.

छंदाचा व्यवसाय होतो तेव्हा आत काय बदलतं? मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये, चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी रंग ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत घालवला. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड शाबूत होती. म्हणजे आवड बक्षिसाने मारली नव्हती. ‘हे मी बक्षिसासाठी करतोय’ या समजुतीने मारली होती.

मोठ्यांवर हीच गोष्ट तेरेसा अमाबिले यांनी 1985 मध्ये तपासली. 72 लिहित्या तरुणांकडून त्यांनी एकेक छोटी कविता लिहून घेतली. मग एका गटाला, आपण का लिहितो याची पैसा, कीर्ती, कौतुक अशी बाहेरची कारणं वाचून त्यांचा क्रम लावायला सांगितलं. एवढंच, काही मिनिटांचं काम. त्यानंतर त्यांनी लिहिलेली कविता, कुठल्या गटाची कोणती हे माहीत नसलेल्या कवींना, सर्जनशीलतेत लक्षणीय उणी वाटली. पाच मिनिटं कीर्तीचा विचार केल्याने हे होत असेल, तर ज्याच्या खिशातला फोन दिवसभर त्याला त्याच कारणांची यादी वाचून दाखवतो त्याचं काय होत असेल? मैत्रीण मला एकदा म्हणाली, “पूर्वी बंद घड्याळ दिसलं की आत काय झालं असेल असं वाटायचं. आता आधी वाटतं, याचा व्हिडिओ होईल का?”

कल्पना सुचण्याचं वेळापत्रकही आठवड्याच्या अपलोडशी जुळत नाही. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, सुचणं आणि पडताळणी. यातलं मुरणं बाहेरून आळसासारखं दिसतं. पण 117 अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये केलेल्या विश्लेषणात, प्रश्न बाजूला ठेवण्याचा खरोखर फायदा होतो असं दिसलं. आधी भरपूर तयारी केली असेल तर अधिकच. 2014 मधल्या एका अभ्यासात नुसतं चालल्यानेही वस्तूंचे नवनवे उपयोग जास्त सुचले, आणि तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालताना. या मुरण्यासाठी मोकळं डोकं लागतं. क्रिएटरच्या दिवसातल्या बारीकसारीक मोकळ्या जागा आधीच कॉमेंटना उत्तरं देण्यात भरून गेलेल्या असतात. त्या उत्तरांमागेही कारण आहे. दूरचित्रवाणीवरच्या चेहऱ्याशी प्रेक्षक जोडतो त्या एकतर्फी जवळिकीबद्दल हॉर्टन आणि वोल यांनी 1956 मध्येच लिहिलं होतं. आता प्रेक्षक त्या चेहऱ्याला थेट लिहू शकतो आणि उत्तराची वाट पाहतो.

मला सर्वांत आशादायक वाटलेलं संशोधन 2021 मधलं आहे. डॅशुन वांग आणि सहकाऱ्यांनी चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक आणि वैज्ञानिक अशा हजारो लोकांची कारकीर्द तपासली. बहुतेकांच्या आयुष्यात एक बहराचा काळ येतो, एकामागून एक उत्तम कामं होतात. हा बहर येतो तरी कधी? नुसते नवनवे प्रयोग करत राहिल्याने तो येत नव्हता, आणि एकच शैली घोटत राहिल्यानेही नाही. आधी बराच काळ वेगवेगळ्या दिशांनी भटकंती आणि मग एका वाटेवर खोल उतरणं, हा क्रम जुळला की बहराची शक्यता लक्षणीय वाढत होती.

ऑनलाइन दुनियेत हा क्रम उलटा पडतो असं मला दिसतं. एखादा व्हिडिओ अचानक चालला की प्रेक्षकही तसाच दुसरा मागतात आणि आकडेही त्याचीच भलामण करतात, त्यामुळे क्रिएटर भटकंती पुरी होण्याआधीच खोदायला बसतो. भटकंतीतले व्हिडिओ तर हमखास दहापैकी आठवे, नववे येणार, कारण जुन्या प्रेक्षकांना ते ओळखीचे वाटत नाहीत. ज्या काळात सर्वांत जास्त पेरणी होते, नेमका तोच काळ स्टुडिओच्या पानावर अपयश म्हणून दिसतो.

मैत्रिणीने महिन्याभरापासून एक कप्पा वेगळा ठेवलाय. त्यात चावीने वाजणारी एक जुनी संगीतपेटी आहे. पेटीतल्या सूर काढणाऱ्या फणीचे दोन दात तुटलेत आणि ते कसे बसवायचे हे तिला अजून येत नाही. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ती टेबलावर वाकून भिंगातून त्या फणीकडे पाहत होती. दिवे शूटिंगचे नव्हते, नेहमीचेच होते. मी विचारलं, कॅमेरा कुठेय? ती म्हणाली, “बॅगेत असेल,” आणि तुटलेल्या दाताची लांबी मोजायला लागली.