इलेक्ट्रिक मोटरस्पोर्ट आणि इंजिनचा आवाज

बॅटरी आणि मोटरवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यती म्हणजे इलेक्ट्रिक मोटरस्पोर्ट. पेट्रोल नाही, सायलेन्सर नाही, त्यामुळे तो फाडफाड आवाज पण नाही, आणि सगळा वाद तिथंच अडकलाय. सातारा-सांगलीकडं हा विषय निघाला की स्पीडचं कोण विचारत नाही, "आवाजच नाय तर बघायचं काय?" हे आधी विचारतात. आरएक्स १०० ला नुसती किक बसली तरी माना वळतात अशा भागात हे चालायचंच.

तसं बघितलं तर वीज रेसिंगला नवी नाही. रस्त्यावरच्या गाडीनं ताशी १०० किमी पहिल्यांदा ओलांडले ते १८९९ ला, आणि बेल्जियन ड्रायव्हर कामीय जेनात्झीची ती गाडी इलेक्ट्रिकच होती. पुढं पेट्रोलनं बाजी मारली कारण एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते आणि एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिट मावलं तरी डोक्यावरून पाणी. इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं, मोटर तसं करत नाही, तरी एवढी मोठी तफावत भरून निघत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक शर्यत-मालिका फॉर्म्युला ई २०१४ ला बीजिंगमध्ये सुरू झाली तेव्हा बॅटरी शर्यतभर पुरायचीच नाही, मग ड्रायव्हर मध्येच पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या टीमच्या थांब्यावर) यायचा, पट्टे सोडून उडी मारून दुसऱ्या भरलेल्या गाडीत बसायचा आणि सुटायचा, पहिले चार सीझन हाच प्रकार.

अंतर कमी आणि चढ जास्त असला की मात्र गणित उलटं फिरतं. अमेरिकेत पाइक्स पीक नावाची डोंगरावरची शर्यत आहे, जवळपास २० किमीचा घाट, शेवट ४३०० मीटर उंचीवर. तिथं हवा विरळ असते म्हणून इंजिनाला दम लागतो, बॅटरीला हवेशी काही घेणंदेणं नाही. २०१८ ला रोमां द्युमानं फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक गाडीत ती ७ मिनिटं ५७ सेकंदात मारली, पेट्रोलवाले सगळे मागं. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात इलेक्ट्रिक स्कूटर घातलेल्यांना चढावरचा तो पहिला झटका माहितीच असेल.

आता आवाज. फॉर्म्युला वनचं जुनं दहा सिलेंडरचं व्ही-१० इंजिन मिनिटाला १८ हजार फेरे घ्यायचं, प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला १५०० स्फोट, आणि तेच कानाला किंचाळीसारखं ऐकू यायचं. २०१४ पासूनचं सहा सिलेंडरचं व्ही-६ हायब्रिड (इंजिनला मोटरची जोड) १२ हजारांच्या आसपास फिरतं, सेकंदाला ६०० स्फोट, वर टर्बो एक्झॉस्टमधला जोर खाऊन टाकतो. लोक एवढे नाराज झाले की मर्सिडीजनं त्याच वर्षी एक्झॉस्टला कर्ण्यासारखा भोंगा लावून बघितला, उपयोग झाला नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारा, जवारी (तारेखालच्या घोडीची घासणी) थोडी हलली की तीच तार मेलेली वाटते. इंजिनचं पण तसंच, गिअर कधी टाकला, थ्रॉटल कुठं सोडला हे बघणाऱ्याला कानानं कळतं, इलेक्ट्रिक गाडीत बऱ्याचदा एकच गिअर असतो आणि कानाला मिळते फक्त गिअरची शिट्टी आणि टायरची कुरकुर.

फायदा झाला तो शहरांचा. इलेक्ट्रिक रेस कार सुमारे ८० डेसिबल करते, म्हणून तर ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठाला, भर शहरात शर्यत झाली (२०२४ ची रद्द झाली). त्यात आपली महिंद्रा पण होती, ती टीम पहिल्या सीझनपासून आहे. साताऱ्यात पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यातून एक बुलेट फटाके मारत गेली तरी कान धरावे लागतात, तिथं व्ही-१० ला परवानगी कोण देणार?

तरी सगळीकडं जमलेलं नाही. इलेक्ट्रिक बाइकची शर्यत-मालिका मोटोई २०१९ ला आली आणि प्रेक्षक जमेनात म्हणून २०२५ च्या सीझननंतर थांबवली. रॅलीत २०२२ ला आणलेलं हायब्रिड २०२५ पासून काढून टाकलं. आगीचं पण आहेच, २०१९ मध्ये स्पेनमधल्या हेरेझला मोटोईच्या जवळपास सगळ्या बाइक एका रात्रीत जळाल्या. गाडी ठोकली तर मार्शल (ट्रॅकवरचा मदतनीस) धावत जाऊन हात लावत नाही, आधी तिच्यावरचा हिरवा, म्हणजे हात लावायला धोका नाही असं सांगणारा दिवा बघतो, मग हाय व्होल्टेजचे हातमोजे घालतो. फॉर्म्युला वननं मधला रस्ता धरलाय, २०२६ पासून जवळपास निम्मी ताकद विजेची, बाकी इंजिनची, ते पण शाश्वत इंधनावर.

आपल्याकडं यात्रेच्या माळावर डर्ट ट्रॅक आखतात तिथं इलेक्ट्रिक बाइक चालेल का? पळायला अडचण नाही, मातीत तिचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) उलट जास्तच होईल. अडचण चार्जिंगची, शेताच्या लाइनीला थ्री फेज पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली तर मग जनरेटर आला. फॉर्म्युला ईनं पण सुरुवातीला गाड्या जनरेटरवरच चार्ज केल्या, फक्त त्यात डिझेलऐवजी ग्लिसरीन होतं. माळावर ग्लिसरीन कोण आणणार, डिझेलचाच लागेल, आणि तो पाळण्याच्या शेजारी दिवसभर धडधडत बसेल.