घोड्याच्या आतड्याला बसणारा फास (पोटशूळाची विरळ कारणं)

घोड्याचा पोटशूळ, तबेल्यात सगळे ज्याला सरळ कॉलिक म्हणतात, हा खरं तर आजार नाही, लक्षण आहे. पोटात दुखतंय एवढंच त्यातून कळतं, का दुखतंय ते नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, गॅस झालेला असतो, लीद अडकलेली असते, चारा एकदम बदललेला असतो नाहीतर पाणी कमी पडलेलं असतं, आणि औषधपाण्याने घोडा उठून परत गवताला लागतो. पण थोड्या केसेसमध्ये आतड्याला चक्क फास बसलेला असतो आणि तिथे इंजेक्शनने काही होत नाही.

फास बसतो कसा, तर घोड्याचं लहान आतडं साधारण २० ते २२ मीटर लांब, आणि त्यातलं बरंचसं एका लांब पातळ पडद्याला लटकलेलं, म्हणजे पोटात मोकळं फिरणारं. कुठे भोक, फट किंवा पट्टा आडवा आला की एखादं वेटोळं त्यात घुसतं, आत गेल्यावर फुगतं आणि मग आल्या वाटेने परत निघत नाही. धमन्यांच्या भिंती जाड असतात, शिरांच्या पातळ, म्हणून आधी शिरा दाबल्या जातात. रक्त येत राहतं पण परत जात नाही, आतडं सुजून जांभळं-काळं पडतं आणि काही तासांत त्यातलं विष रक्तात मिसळायला लागतं.

म्हाताऱ्या घोड्यात पहिला संशय चरबीच्या गाठीवर घ्यावा. ही गाठ कॅन्सरची नसते, आतड्याच्या पडद्यावर वाढते, आणि वाढता वाढता तिला देठ फुटतो. देठ लांब झाला की गाठ गोफणीतल्या दगडासारखी आतड्याभोवती फिरते आणि स्वतःच गाठ मारून बसते. खच्ची केलेल्या घोड्यांत आणि पोनींमध्ये हे जास्त दिसतं. घोडा पंधरा-सोळा वर्षांचा, आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत, आणि सकाळी घामाने निथळत लोळतोय, असं चित्र असतं.

दुसरं कारण जन्मापासून प्रत्येक घोड्यात असतं. यकृताच्या मागे, पोटातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधे काही सेंटिमीटरची एक नैसर्गिक खिडकी असते, तिच्यात आतडं शिरतं. गव्हाणीची कड दातात धरून हवा ओढायची सवय असलेल्या घोड्यांना हा धोका बराच जास्त असतो, हवा ओढताना पोटातला दाब बदलतो म्हणून असेल असा अंदाज आहे. सर्जनसाठी ही जागा महावाईट, कारण डोळ्यांना दिसत नाही, हाताच्या अंदाजाने आतडं सोडवायचं आणि शेजारची वाहिनी फाटली तर घोडा टेबलावरच जातो.

बाकीची कारणं अजून विरळ. गर्भातला एखादा पट्टा जन्मानंतर तसाच राहून गेलेला असतो, व्यालेल्या घोडीच्या आतड्याच्या पडद्याला चीर पडते, पडल्याने किंवा मार लागल्याने छातीचा पडदा फाटून आतडं फुप्फुसांशेजारी जाऊन बसतं. नर घोड्यात आतडं जांघेतून अंडकोषाच्या पिशवीत उतरतं, एका बाजूची पिशवी सुजलेली आणि हाताला गार लागते. आपल्याकडे मारवाडी, काठेवाडी नर बऱ्याचदा खच्ची न करताच पाळतात, त्यामुळे पोट दुखणाऱ्या नराचे अंडकोष आधी हात लावून बघायचे, दोन सेकंदांचं काम आहे पण राहून जातं.

ओळखायचं कसं? निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, ती साठच्या वर जाऊन तिथेच राहिली आणि वेदनाशामकानेही दुखणं थांबेना तर संशय पक्का करावा. गुदद्वारातून तपासताना फुगलेली आतडी सायकलच्या ट्यूबसारखी हाताला लागतात, सोनोग्राफीत तीच दिसतात. पोटातलं पाणी सुईने काढलं तर एरवी फिकट पिवळं आणि स्वच्छ असतं, फास बसला असेल तर गुलाबी-लालसर येतं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून नाकातून जठरात नळी घालून साचलेलं पाणी बाहेर काढतात, नाहीतर जठर फुटतं. अशा घोड्याला बांबूच्या नळीने तेल पाजणं म्हणजे भरलेल्या घागरीत अजून ओतणं, वर ते श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे घोडा एकदम शांत होतो ती. लोळणं थांबतं, मान खाली घालून उभा राहतो, लोकांना वाटतं आराम पडला. नाडी मात्र वाढतच असते, हिरड्या विटकरी-जांभळ्या होतात. आतडं मेलेलं असतं म्हणून दुखायचं थांबलेलं असतं.

उपाय एकच, भूल देऊन पोट उघडायचं, मेलेला भाग कापून टोकं जोडायची. निम्म्यापर्यंत लहान आतडं काढूनही घोडा जगू शकतो, पण सगळी शर्यत वेळेशी असते आणि अशी सोय मोजक्याच ठिकाणी. माथेरानच्या घोड्याला तर आधी पायी दस्तुरी नाक्यापर्यंत आणावं लागणार, गाडी मिळणार त्याच्यापुढे.

यकृतामागच्या खिडकीतला फास सोडवल्यावर पुन्हाही बसू शकतो, म्हणून परदेशात काही ठिकाणी ती दुर्बिणीतून जाळी बसवून बंद करतात. हवा ओढायची सवय मात्र त्याने जात नाही, टाके भरून तबेल्यात परतलेला घोडा बऱ्याचदा पुन्हा तीच गव्हाण चावायला लागतो.