मुलांमधील जिवाणूजन्य न्यूमोनिया (सातारा-सांगली परिसर)

फुप्फुसातील वायुकोशांत जिवाणूंचा संसर्ग होऊन तेथे द्रव किंवा पू साचतो, तो जिवाणूजन्य न्यूमोनिया. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोकोकस हा त्याचा मुख्य जिवाणू. पाटण, जावळी, शिराळ्याकडे पावसाळ्यात घरांची दारे-खिडक्या दिवसचे दिवस बंद राहतात. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांची बाळे कोपीतल्या (झोपडीतल्या) चुलीच्या धुरात वाढतात. धुराने श्वासनलिकेची जंतू बाहेर टाकण्याची क्षमता घटते.

निदानाचा कणा म्हणजे श्वास मोजणे. बाळ शांत असताना झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजावी. 15 सेकंद मोजून चौपट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. रडताना किंवा अंगावर पिताना घेतलेला आकडाही फसवा. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, दोन ते बारा महिन्यांत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. 'पोट उडतंय' असे आई सांगते तेव्हा बरगड्यांखालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातो का, हे पाहावेच. घरघर असेल तर साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळी करणारे औषध) देऊन श्वास पुन्हा मोजावा. त्याने श्वास मंदावला तर त्रास दम्यासारखा असू शकतो, आणि अशा त्रासात प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. एक्स-रेवरून संसर्ग विषाणूचा की जिवाणूचा हे खात्रीने ठरत नाही, म्हणून साध्या आजारात तो काढत बसू नये.

घरी उपचार शक्य असल्यास अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. 10 किलोच्या मुलाला एका वेळी 400 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचे आहे की 250 चे, हे न पाहता 'एक चमचा' सांगितल्याने निम्मा डोस जातो. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणे ही दुसरी नेहमीची चूक. दोन-तीन दिवसांनी मूल पुन्हा तपासावे. ताप टिकला तर छातीत पू झाला आहे का, आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयरोग आहे का, हे शोधावे.

मूल पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके आले, सुस्त पडले, रक्तातील ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली गेला किंवा आजारी बाळ दोन महिन्यांखालील असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच अँपिसिलिन व जेंटामायसिन या प्रतिजैविकांचा पहिला डोस देऊन साताऱ्याच्या किंवा सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवावे. ऑक्सिजन वाटेतही चालू ठेवावा.

न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. स्थलांतरित कुटुंबाने लसीकरणाचे कार्ड सोबत आणले तर राहिलेला डोस साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही घेता येतो.